कडेवर लेकरू, समोर समुद्र

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मागच्या वर्षी दिवाळीला माझी मुलगी आणि जावई अकोल्याला आले ते एक बातमी घेऊनच. दोघेही डॉक्टर. आफ्रिकेतल्या मलावी देशात एका सेवाभावी वैद्यकीय पथकाबरोबर दोन वर्षे काम करायचे त्यांनी ठरवले होते. विचारायला नव्हे, सांगायला आले होते. माझी नात तेव्हा साडेतीन वर्षांची. ओसरीवर फुलबाजीच्या जळक्या काड्या गोळा करत होती.

"आणि हिचं काय?" मी विचारले.

"ही आमच्याबरोबर येणार," मुलगी म्हणाली.

माझी आई नव्वदी ओलांडलेली, अस्सल वऱ्हाडी. तिने एकच वाक्य उच्चारले, "लेकराले कायले नेता वं येवढ्या दूर? ठेवून द्या आमच्यापाशी." माझेही मत तेच होते. तुम्हाला सेवा करायची आहे ना, जरूर करा. पण पोरीला का फरफटवता? दोन वर्षे आम्ही सांभाळू, मग येऊन घेऊन जा. बोलण्याने बोलणे वाढले आणि त्या दिवाळीचा फराळ कोणालाच गोड लागला नाही.

मी अमरावतीला तीसेक वर्षे इतिहास शिकवला. वादात हरलेला मास्तर जे करतो तेच मी केले. पुस्तकांकडे वळलो. दूरदेशी एखादे कार्य करायला लहान मूल घेऊन गेलेली माणसे आपल्या भागात होऊन गेली आहेत का आणि त्या मुलांचे पुढे काय झाले, हे शोधून मुलीसमोर ठेवायचे, असा माझा बेत होता. खरे सांगायचे तर मला पुरावे हवे होते ते माझ्या बाजूचे. जे सापडले ते आज तुमच्यासमोर मांडतो आहे.

शोध घराजवळूनच सुरू झाला. आपल्या वऱ्हाडाला जग दूरचे नव्हते. १८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना अमरावती-खामगावच्या कापसाची आठवण झाली. १८६७ पर्यंत आगगाडी शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत नागपूरला पोचली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला. आपल्या कापसाच्या गाठी ज्या वाटेने विलायतेला गेल्या, त्याच वाटेने उलट दिशेने माणसेही येऊ लागली. त्यांत अधिकारी होते, व्यापारी होते आणि मिशनरीही होते.

अल्बर्ट नॉर्टन हे अमेरिकन मिशनरी एलिचपूरला, म्हणजे आपल्या अचलपूरला, येऊन राहिले. मेळघाटच्या पायथ्याशी कोरकूंमध्ये काम करावे, ही त्यांची इच्छा होती. त्यांच्या कामात हातभार लावायला १८७० च्या दशकात अमेरिकेतून जेनी फ्रो नावाची एक तरुण बाई आली. ओहायो राज्यातल्या ओबर्लिन या गावी शिकलेली. पुढे तिचे मार्कस फुलर यांच्याशी लग्न झाले आणि फुलर दांपत्याचे नाव अकोल्याशी कायमचे जोडले गेले. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन संस्थेचे वऱ्हाडातले काम १८९० च्या दशकात वाढले ते मार्कस फुलर यांच्या देखरेखीखाली. अलायन्सची चर्चे आजही आपल्या गावांत उभी आहेत. आपण त्यांच्यावरून रोज जातो, पण त्यांच्या आवारात कोणाची बाळे रांगली असतील, असा विचार मनात येत नाही.

त्या काळचे वऱ्हाड डोळ्यांसमोर आणा. बडनेऱ्याला गाडीतून उतरायचे आणि अचलपूरला जायचे तर पुढे दमणी नाहीतर टांगा. वैशाखात पारा पंचेचाळीसच्या वर. पटकी, देवी, हिवताप हे दरवर्षीचे पाहुणे. आपलीच लेकरे पटापट जात होती, तिथे थंड मुलखातून आलेल्या बाळांची काय कथा? देशभरातल्या छावण्यांमधल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमींतून कधी हिंडलात तर आखूड लांबीच्या कबरी किती आहेत, ते मोजू नका. मोजवत नाहीत.

म्हणून गोऱ्या कुटुंबांनी काही रिवाज पाडले. उन्हाळ्यात थंड हवेचे ठिकाण गाठायचे. आपल्याकडे त्यासाठी चिखलदरा होता. मूल थोडे मोठे झाले की डोंगरावरच्या निवासी शाळेत घालायचे. मसुरीची वूडस्टॉक शाळा १८५४ ची आणि कोडईकनालची १९०१ ची. या दोन्ही शाळांत मिशनरी मुलांच्या पिढ्या वाढल्या. ज्यांना जमे ते पाच-सहा वर्षांचे मूल सरळ 'घरी' पाठवत. हे 'घर' म्हणजे इंग्लंड किंवा अमेरिका. त्या मुलाने बहुधा कधी न पाहिलेले.

यांतली दोन उदाहरणे मला चटका लावून गेली. पहिले आहे मुंबईचे. गॉर्डन हॉल हे अमेरिकन मराठी मिशनच्या आद्य मिशनऱ्यांपैकी एक. १८१३ मध्ये मुंबईत उतरले, मराठी शिकले, इथेच संसार थाटला. १८२५ मध्ये त्यांच्या पत्नी दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाल्या. शिडाच्या जहाजाचा कित्येक महिन्यांचा प्रवास. त्यात एक मुलगा वाटेतच गेला. इकडे हॉल पुढच्याच वर्षी नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने वारले. पत्नी आणि उरलेला मुलगा यांची पुन्हा भेट झालीच नाही.

दुसरे उदाहरण मिशनऱ्याचे नव्हे, पण रिवाज तोच. रुडयार्ड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईत जन्मला. वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत. आयाच्या मांडीवर वाढलेल्या या पोराला इंग्रजीपेक्षा हिंदुस्थानी जवळची होती. १८७१ मध्ये, पाच वर्षांचा असताना, त्याला आणि तीन वर्षांच्या बहिणीला इंग्लंडमध्ये एका परक्या कुटुंबात ठेवून आईवडील परत आले. आईची पुन्हा भेट व्हायला पाचेक वर्षे लागली. त्या घरातला छळ तो आयुष्यभर विसरला नाही. म्हातारपणी आत्मचरित्र लिहिताना त्याने त्या दिवसांचा हिशेब मांडला आहे.

इथे मी थबकलो. मी पुरावे जमवत होतो ते 'लेकराला दूर नेऊ नये' या बाजूचे. पण हे पुरावे भलतेच काहीतरी सांगत होते. किपलिंगला मुंबईने दुखावले नव्हते. सुरक्षित म्हणून जिथे ठेवून दिले, तिथे तो दुखावला होता.

आता पुन्हा अकोल्याच्या जेनी फुलरबाईंकडे येऊ, कारण पुढची वाट त्यांच्याच एका पुस्तकातून गेली. भारतीय स्त्रियांच्या दुःस्थितीवर त्यांनी इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. 'द राँग्ज ऑफ इंडियन वुमनहुड' या नावाने ते १९०० मध्ये निघाले. त्याच वर्षी मुंबईत फुलरबाईंचे निधन झाले. त्या पुस्तकाची प्रस्तावना पाहिली आणि चमकलो. लिहिणारी बाई म्हणजे पंडिता रमाबाई. परदेशातून इथे आलेल्या बाईच्या पुस्तकाला, इथून परदेशी जाऊन आलेल्या बाईची प्रस्तावना. आणि रमाबाई एकट्या गेल्या नव्हत्या. कडेवर लेकरू होते.

रमाबाई आपल्याला शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असतात. विदुषी, समाजसुधारक, धर्मांतरामुळे वादात सापडलेल्या. त्यांच्या धर्मांतराविषयी ज्याचे त्याचे मत असेल. मला ती चर्चा इथे करायची नाही. मी त्यांच्याकडे पाहिले ते एका लहान मुलीची आई म्हणून, आणि त्याही आधी, एका ध्येयवेड्या बापाची मुलगी म्हणून.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून जातभाईंचा रोष ओढवून घेतला होता. रमा सहा महिन्यांची असताना त्यांनी बिऱ्हाड मोडले आणि तीर्थयात्रेला निघाले. तान्ह्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात घालून माणसाच्या डोक्यावरून नेले. त्यानंतर या कुटुंबाला घर असे राहिलेच नाही. गावोगावच्या देवळांत पुराण सांगायचे आणि मिळेल त्यावर जगायचे. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळाने गाठले. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. त्या उपासमारीच्या आठवणी रमाबाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवल्या आहेत.

म्हणजे आईवडिलांच्या ध्येयापायी फरफटलेले मूल म्हणून दाखवायचे, तर रमाबाईंसारखे दुसरे उदाहरण नाही. मात्र त्याच वाटेवर आईने तिला संस्कृत शिकवले. हजारो श्लोक पाठ झाले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी ज्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवले, ती त्याच पेटाऱ्यातून निघालेली. पोटात भूक आणि जिभेवर सरस्वती, दोन्ही एकाच प्रवासाने दिले. यातले एक नको, दुसरे हवे, असे म्हणायची सोय इतिहासात नसते.

पुढे भाऊही गेला. रमाबाईंनी १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी झाली. तिचे नाव मनोरमा. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. मनो तेव्हा वर्षाचीही नव्हती. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर मूल आणि ना सासर ना माहेर.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-डॉक्टर आणि स्त्री-शिक्षिकांची मागणी केली. स्वतः वैद्यकी शिकावी असे मनात होते. त्यासाठी इंग्लंडला जायचे ठरवले. वाटखर्चाला पुस्तकाच्या विक्रीचे पैसे आले. वाँटेज गावच्या सेंट मेरी मठातल्या जोगिणींनी राहायची सोय केली. हिंदुस्थानात कामाला येणाऱ्या जोगिणींना रमाबाईंनी मराठी शिकवायचे, असा व्यवहार ठरला. फुकटचे खायचे नाही, हा त्यांचा बाणा होता. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या बोटीवर चढल्या. मनोला नुकते दुसरे वर्ष पुरे झाले होते.

आता कल्पना करा. समुद्र ओलांडणे हेच पाप मानणारा तो काळ. त्यात विधवा, त्यात शाकाहारी, त्यात दोन वर्षांचे मूल. त्या वेळी पुण्यामुंबईच्या वर्तमानपत्रांत कितीतरी चर्चा झाली. हिने जावे की न जावे, धर्म राहील की बुडेल. या सगळ्या गदारोळात 'त्या पोरीचे काय' असे विचारणारी माझ्या आईसारखी एखादी म्हातारी असेलही, पण तिचे म्हणणे छापले गेले नाही.

वाँटेजला काही महिन्यांतच मोठा आघात झाला. सोबत आलेल्या मैत्रीण आनंदीबाई भगत यांनी तिथे आत्महत्या केली. परक्या देशात आपले म्हणावे असे एकच माणूस होते, तेही असे गेले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि मनोरमा या दोघींचा बाप्तिस्मा झाला. कानांनी कमी ऐकू येऊ लागल्याने वैद्यकीचा विचार सोडावा लागला. मग रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकू लागल्या आणि शिकवूही लागल्या.

मनोची काळजी वाहायला वाँटेजला सिस्टर जेराल्डिन होत्या. या मायलेकी त्यांना 'आजीबाई' म्हणत. या आजीबाईंनी जपून ठेवलेला पत्रव्यवहार पुढे ए. बी. शहा यांनी संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्या पत्रांत रमाबाई धर्माविषयी वाद घालतात. क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असे विचारतात. पुरुषांना शिकवू नये, असे बिशपांनी म्हटले म्हणून चिडतात. पण मला त्या पत्रांत सर्वांत अधिक दिसले ते एका मुलीवरून चाललेले भांडण.

भांडणाचा मुद्दा साधा होता. मनोला काय शिकवायचे, हे कोणी ठरवायचे? आजीबाईंचे म्हणणे असे की, मुलीचा बाप्तिस्मा झाला आहे, तेव्हा तिला चर्चच्या शिस्तीत, चर्चच्या शिकवणीप्रमाणे वाढवणे हे आपले कर्तव्य आहे. रमाबाईंचे म्हणणे असे की, जे मला स्वतःला पटलेले नाही ते माझ्या मुलीच्या तोंडी घालू नका. तिची आई मी आहे, ठरवीन मी. आजीबाई वाईट होत्या का? मुळीच नाही. मनोवर त्यांची माया होती, हे ओळीओळीतून कळते. म्हणूनच ते भांडण वाचताना मी अस्वस्थ झालो. मायेने सांभाळणारे माणूसही मुलाला हळूहळू आपल्या साच्यात घालत असते, हे मला तिथे दिसले. माझी नात दोन वर्षे माझ्याकडे राहिली असती, तर मी दुसरे काय केले असते?

१८८६ च्या आरंभी मायलेकी अमेरिकेला गेल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचे. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात पहिल्या भारतीय स्त्री-डॉक्टरला पदवी मिळाली तेव्हा रमाबाई समोर होत्या. आनंदीबाईंचे मूल अवघ्या काही दिवसांचे असताना गेले होते, वैद्यकीय मदत मिळाली नाही म्हणून. तेच दुःख त्यांना तिथवर घेऊन आले. दोघी नात्यातल्या होत्या. एकीचे मूल गमावलेले, दुसरीचे शेजारी बसलेले. त्या दिवशी दोघींच्या मनात काय आले असेल?

रमाबाईंचा अमेरिकेतला मुक्काम वाढत गेला. बालविधवांसाठी शाळा काढायची, तर पैसा उभारायला हवा. गावोगाव भाषणे, आगगाडीचे प्रवास, रोज नवे घर. पाच वर्षांची मुलगी या धावपळीत कशी निभावणार? रमाबाईंनी तिला परत इंग्लंडला, वाँटेजला पाठवले. जिच्याशी मुलीवरून भांडल्या, त्याच आजीबाईंच्या स्वाधीन. मनोच्या वाढीतल्या त्या दिवसांत आई समुद्रापलीकडे होती. इकडे आईने १८८७ मध्ये 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक लिहिले. त्याच डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे शाळेचा खर्च उचलण्याचे वचन दिले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. शेकडो विधवांना आई मिळाली. तिच्या स्वतःच्या मुलीच्या वाट्याला मात्र त्या काळात आई आली ती पत्रांतून. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

रमाबाईंना दोष देणे सोपे आहे, पण मला ते जमले नाही. पुरुष सुधारकांपैकी कितीजणांना मुले होती आणि ती कोणी वाढवली, असे आपण कधी विचारतो का? त्यांच्या घरी कोणीतरी बाई होती. रमाबाईंच्या घरी ती बाईही रमाबाईच होत्या.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो, पण वऱ्हाडाशी तिचा धागा आहे. १८९६-९७ चा आणि १८९९-१९०० चा, असे दोन भयंकर दुष्काळ आपल्या भागावर कोसळले. पहिल्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात स्वतः हिंडल्या आणि उपाशी मुलींना केडगावला घेऊन आल्या. १८७४ मध्ये स्वतः जे सोसले, ते त्यांना शांत बसू देईना. त्यांतूनच मुक्ती सदन वाढले. मुलींची सोय झाली, मुलग्यांचे काय? तेव्हा आपल्या अचलपूरचे अल्बर्ट नॉर्टन पुढे आले आणि केडगावजवळ दौंडला मुलग्यांसाठी आश्रम निघाला. दुष्काळातल्या पोरांना अन्नाबरोबर धर्मही दिला गेला, यावरून तेव्हाही टीका झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. पण ती पोरे जगली, हेही तितकेच खरे.

आणि मनोरमा? तिच्यापुढे दोन वाटा मोकळ्या होत्या. इंग्रजी तिच्या ओठांवर होते, अमेरिकेत पुढचे शिक्षण झाले होते, तिकडेच सुखाने राहता आले असते. ती केडगावला परत आली. अंधांना शिकवण्याची ब्रेल पद्धत शिकून आली होती, ती मुक्ती सदनातल्या अंध मुलींना शिकवू लागली. शारदा सदनच्या शाळेची प्रमुख झाली. पुढे गुलबर्ग्याला शाळा निघाली, तिच्या मागेही ती होती. आईचा कारभार, पत्रे, पाहुणे, सारे तिच्यावर आले. मात्र प्रकृती साथ देईना. १९२१ च्या जुलैत, चाळिशीतच, तिचे निधन झाले. एकुलती एक मुलगी गेल्यावर रमाबाई वर्षही काढू शकल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या.

मनोने आईची वाट स्वखुशीने धरली की तिला दुसरी वाट दिसलीच नाही? आई अमेरिकेत आणि ती वाँटेजला, तेव्हाच्या रात्रींबद्दल तिला मोठेपणी काय वाटत होते? रमाबाईंवर ग्रंथ आहेत, त्यांच्या समग्र लेखनाचे खंड आहेत. मनोकडे आपण अजूनही आईच्या पदराआडूनच पाहतो. इतिहासाच्या मास्तराने हे कबूल करायला हवे की, आमच्या पुस्तकांत 'कार्यासाठी परदेशी प्रयाण' असे एक वाक्य असते. त्या वाक्यात कडेवरचे लेकरू मावत नाही.

हे सगळे टिपण मी मुलीला दाखवायला म्हणून काढले होते. पण लिहून झाल्यावर ते माझ्याच विरुद्ध गेलेले दिसले. पेटाऱ्यातली रमा उपाशी राहिली, पण आईच्या तोंडून श्लोक ऐकत राहिली. मागे ठेवलेला किपलिंग पोटभर जेवला असेल, पण आतून मोडला. मनोच्या बाबतीत जे मला बोचले, ते तिला बोटीवर नेल्याचे नव्हते. तिला मधेच आईपासून लांब ठेवावे लागले, ते बोचले. आणि दिवाळीत मी मुलीला अगदी तेच सुचवले होते. 'ठेवून जा आमच्यापाशी.'

अर्थात चार उदाहरणांनी सिद्धांत होत नाही. गॉर्डन हॉलचा मुलगा बोटीवर आईजवळच होता आणि तरीही गेला. त्या काळी आजच्यासारख्या लसी नव्हत्या, विमाने नव्हती, पत्राला महिना लागे. आज तसे नाही. तेव्हा इतिहासाने मला निकाल दिला नाही. त्याने फक्त माझा प्रश्न बदलून दिला. लेकराला न्यावे की नाही, हा माझा प्रश्न होता. त्याच्या जागी दुसरा आला. तिथे गेल्यावर कामाची ओढ आणि लेकराची गरज आमनेसामने आली तर कोण माघार घेणार?

हा प्रश्न मी संक्रांतीला फोनवर मुलीला विचारला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाबा, आम्ही दोघांनी एकाच वेळी ड्युटी घ्यायची नाही असं ठरवलंय. आणि हिला जमलं नाही तर आम्ही तिघंही परत येऊ. दोन वर्षं पुरी करायची शपथ घेतलेली नाही." रमाबाईंना मागे परतायला घर नव्हते. हिला आहे. एवढे तरी आपल्याला करता येते, की मुलांना परतायला घर ठेवावे आणि परत आली तर 'बघ, मी म्हटलं नव्हतं का' असे म्हणू नये.

मार्चमध्ये ते तिघे गेले. आईने जाताना नातीच्या लेकीच्या हातात ज्वारीच्या लाह्यांची पुरचुंडी दिली. ती विमानतळावरच सांडली म्हणे. आता आठवड्यातून दोनदा मोबाइलवर तोंड दिसते. आई अजूनही स्क्रीनकडे पाहून पहिला प्रश्न तोच विचारते, "जेवली का वं?" परवा नातीने तिकडच्या भाषेत एक ते पाच आकडे म्हणून दाखवले आणि पणजीलाही म्हणायला लावले. नव्वदीतल्या माझ्या आईची जीभ तिसऱ्या आकड्यावर अडखळली. नात हसली आणि म्हणाली, "पुन्हा म्हण."

आई पुन्हा म्हणाली.